हुजूर, हजुरिया आणि घरचा आहेर

मराठी वर्तमानपत्रं ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला वर्षानुवर्षं 'हुजूर पक्ष' म्हणत आली आहेत. समोरचा मजूर पक्ष, म्हणून हा हुजूर पक्ष. यमक झकास जुळलं आणि नाव चिकटलं. लहानपणी बडोद्यात हे वाचताना माझा मात्र घोटाळा व्हायचा. आमच्या घरी हुजूर म्हणजे गायकवाड सरकार. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि त्यांच्या ट्रंकेत 'हुजूर हुकूम' असा मथळा असलेले दोन-तीन पिवळे कागद होते. हुजूर हुकूम निघाला की तो पाळायचा, त्यावर मत द्यायचं नाही, असं आजोबा सांगायचे. तेव्हा लंडनमधला हुजूर पक्षही तसाच असणार, वरून हुकूम सुटत असणार आणि खालचे माना डोलावत असणार, अशी माझी पक्की समजूत होती.

ती नोव्हेंबर १९९० मध्ये मोडली. लागोपाठ तीन निवडणुका जिंकून दिलेल्या थॅचरबाईंना त्यांच्याच खासदारांनी घरी बसवलं. पहिल्या फेरीत बाईंना २०४ मतं, मायकल हेझल्टाइन यांना १५२. जास्त मतं बाईंचीच, पण पक्षाच्या नियमाप्रमाणे जेवढी आघाडी लागायची तिला चार मतं कमी पडली. मग एकेक मंत्री त्यांच्या खोलीत जाऊन 'आता थांबावं' असं सांगून आला आणि दोन दिवसांत बाईंनी राजीनामा जाहीर केला. हुजुरांच्या पक्षात 'जी हुजूर' म्हणणारे इतके थोडे, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

खरे जी-हुजूर पाच वर्षांनी घराजवळच भेटले. मार्च १९९५ मध्ये भाजपने गुजरात विधानसभेच्या १८२ पैकी १२१ जागा जिंकल्या, केशुभाई पटेल मुख्यमंत्री झाले, आणि वर्ष सरायच्या आत शंकरसिंह वाघेला चाळीसहून अधिक आमदार विमानात घालून खजुराहोला घेऊन गेले. जे गेले ते खजुरिया. जे केशुभाईंच्या हुजुरात राहिले ते हजुरिया. आणि जे कुंपणावर बसले, किंवा ज्यांना कोणी विचारलंच नाही, ते मजुरिया. म्हणजे इंग्रजांना हुजूर आणि मजूर असे दोन पक्ष लागतात. आम्ही दोन्ही एकाच पक्षात बसवले, वर खजूर फुकट.

खजुरियांचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. वाघेलांनी वेगळा पक्ष काढला, काँग्रेसच्या पाठिंब्यावर वर्षभर मुख्यमंत्री राहिले, आणि १९९८ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला चार जागा मिळाल्या. तेव्हापासून गुजरातच्या सत्ताधारी पक्षात हजुरिया तेवढे उरले. मला त्यांच्याविषयी लिहायचं आहे, आणि टवाळी करायला लिहीत नाही. मी स्वतः अनेकदा कमळावर बटण दाबलेलं आहे; तेव्हा हा घरचाच आहेर समजा. माझी तक्रार अशी की आमच्या आमदाराला आपल्याच नेत्यांपुढे 'नाही' म्हणायची सोय ठेवलेली नाही, आणि त्याची किंमत तो आमदार मोजत नाही, त्याला निवडून देणारा भरतो.

आधी बडोद्याचं गणित सांगतो. लोकसभेची जागा १९९८ पासून भाजपकडे आहे. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी इथून ५,७०,१२८ मतांनी निवडून आले आणि वाराणसी ठेवून ही जागा त्यांनी सोडली. २०२२ च्या विधानसभेत शहरातले पाचही मतदारसंघ भाजपचे. २०२१ च्या महापालिकेत ७६ पैकी ६९ नगरसेवक भाजपचे, उरलेले सात काँग्रेसचे. आणि याच लोकसभा मतदारसंघात १९९६ मध्ये काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड १७ मतांनी जिंकले होते. सतरा! शहराच्या वाडी भागातल्या एखाद्या वाड्यातले दोन मजले दुसऱ्या बाजूला गेले असते तर निकाल उलटा लागता. त्या काळी प्रत्येक पुढारी प्रत्येक ओट्यावर टेकायचा. आता साडेपाच लाखांच्या आघाडीत माझ्या मताची किंमत काय, हे मी सेवउसळीच्या गाडीवर उभा राहून हिशेब करतो तेव्हा रश्श्याचा तिखटपणाच फक्त जाणवतो.

अशा शहरात विरोधी पक्ष बसतो कुठे? सात नगरसेवकांच्या बाकावर तो मावत नाही. तो असलाच तर सत्ताधारी पक्षाच्या आत असतो. रस्ता खचला, गटार तुंबलं, विश्वामित्रीला पूर आला, तर वरच्यांना जाब विचारू शकेल असा माणूस म्हणजे सत्तेतलाच आमदार, सत्तेतलाच खासदार. तोच गप्प बसला तर प्रश्न विचारणारं उरत नाही. म्हणून पक्षातलं मतभेदाचं प्रकरण हा त्या पक्षाचा खासगी मामला आहे, असं मला वाटत नाही. तो शहराचा मामला आहे.

आता बघा, आमच्याकडे मतभेद दिसतो कसा. मार्च २०२४ मध्ये रंजनबेन भट्ट यांना लोकसभेची तिसऱ्यांदा उमेदवारी जाहीर झाली. माजी महापौर आणि महिला मोर्चाच्या राष्ट्रीय उपाध्यक्ष ज्योतीबेन पंड्या उघडपणे विरोधात बोलल्या. पक्षाने त्यांना लगेच निलंबित केलं. मग शहरात रातोरात पोस्टरं लागली. पोस्टरांवर ना नाव ना सही. थोड्याच दिवसांत रंजनबेननी 'वैयक्तिक कारणामुळे' आपण लढत नाही असं जाहीर केलं, आणि त्यांच्या जागी हेमांग जोशी आले. तिशीतला, नगर प्राथमिक शिक्षण समितीत काम केलेला हा तरुण साडेपाच लाखांहून अधिक मतांनी जिंकला.

कोणी म्हणेल, बघा, नेतृत्वाने ऐकलं की! ऐकलं खरं. पण कोणाचं ऐकलं? जी बाई चेहरा दाखवून, नाव लावून बोलली ती निलंबित झाली, आणि जो अंधारात भिंतीला खळ लावून गेला त्याचं काम झालं. या पक्षात पुढच्या वेळी कोणाला काही म्हणायचं असेल तर तो यातून काय शिकेल? रंजनबेन चांगल्या खासदार होत्या की नव्हत्या हा वेगळा प्रश्न. त्याचा निवाडा करायला ना पक्षाच्या सभासदांची बैठक झाली, ना मतदान.

दुसरं उदाहरण बडोदा जिल्ह्यातल्या सावलीचं. तिथले आमदार केतन इनामदार २०१२ मध्ये अपक्ष निवडून आले होते, नंतर भाजपमध्ये आले. त्यांनी जानेवारी २०२० मध्ये राजीनामा दिला आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा दिला. दोन्ही वेळा वरून समजूत घातली गेली आणि राजीनामा मागे. पहिल्या वेळची तक्रार अशी की अधिकारी आणि मंत्री आपलं ऐकत नाहीत. दुसऱ्या वेळी स्वाभिमानाचा आणि जुन्या कार्यकर्त्यांचा मुद्दा. शहरात यावर भरपूर विनोद झाले. मीही केले. 'राजीनामा द्यायला गेले आणि चहा पिऊन आले' वगैरे.

नंतर मात्र मला त्या तक्रारीतलं पहिलं वाक्य टोचत राहिलं. 'अधिकारी ऐकत नाहीत.' आमदाराचं अधिकारी का ऐकत नाही? अधिकारी मूर्ख नसतो. कोणाच्या हातात काय आहे, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आमदाराच्या हातात खरं तर एकच वस्तू असते, सभागृहातलं मत. ते मत सरकारच्या विरोधात पडण्याची थोडीशी जरी शक्यता असेल तर मुख्यमंत्री फोन उचलतो, मुख्यमंत्री फोन उचलतो म्हणून सचिव उचलतो, आणि सचिव उचलतो म्हणून तालुक्याचा अधिकारी खुर्चीतून उठतो. ते मतच आधी काढून घेतलेलं असेल, तर आमदार म्हणजे फीत कापणारा आणि लग्नाच्या सीझनमध्ये रात्रीत सात मांडव फिरणारा माणूस. त्याचं का ऐकावं? २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री धोक्याच्या २६ फुटांच्या पातळीवरून पार ३५ फुटांपलीकडे गेली, घराघरांत पाणी शिरलं, आणि नंतर भेटायला आलेल्या पुढाऱ्यांना लोकांनी सोसायटीच्या फाटकावरून परत लावलं. लोकांचा राग मी समजू शकतो. माझाही फ्रीज तरंगला होता. पण त्या पुढाऱ्यांच्या हातात खरोखर किती होतं, हा विचार फाटकावर कोणी केला नाही.

मत काढून घेण्याची ही करामत १९८५ ची आहे. राजीव गांधींच्या सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती केली, घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं, आणि पक्षांतर करणाऱ्याची जागा जाऊ लागली. हेतू चांगला होता. 'आयाराम-गयाराम'च्या खेळाला देश विटला होता. पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट घुसली. पक्ष सोडला नाही, फक्त एका विधेयकावर पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, झुगारून मत दिलं, तरीही आमदारकी जाऊ शकते. हा आदेश काढणाऱ्यालाही व्हिपच म्हणतात, मराठीत प्रतोद, म्हणजे जनावर हाकायचा चाबूक. इंग्रजी शब्दही शिकारीच्या कुत्र्यांना कळपात ठेवणाऱ्या माणसावरून आला. गुजरातीत त्याला 'दंडक' म्हणतात, आणि विधानसभेचे मुख्य दंडक आमच्याच रावपुऱ्याचे आमदार बाळकृष्ण शुक्ल झाले. त्यांच्याआधीचे रावपुऱ्याचे आमदार राजेंद्र त्रिवेदी विधानसभेचे अध्यक्ष होते. आमदार अपात्र ठरवायचा की नाही, हे अध्यक्ष ठरवतो. चाबूक आणि चाबकाचा न्याय, दोन्ही आमच्या मोहल्ल्यातून. त्रिवेदी पुढे महसूलमंत्री झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये ते खातं त्यांच्याकडून काढलं गेलं, आणि त्या वर्षाच्या निवडणुकीत तिकीटही मिळालं नाही. अध्यक्ष राहिलेल्या माणसाचीही ही गत, तर पहिल्यांदा निवडून आलेल्याने काय बोलावं?

बरं, एवढा चाबूक हातात असून घाऊक फुटीचं काय झालं? मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर माफी होती. १२१ चा एक तृतीयांश म्हणजे ४१. खजुराहोच्या विमानात चाळीसहून अधिक का बसले, ते यावरून कळेल. २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. गुजरातेत २०२२ मध्ये भाजपला १५६ जागा मिळाल्या. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे १०४. एवढी माणसं लपवायला खजुराहोत हॉटेलं कमी पडतील. म्हणजे एकट्यादुकट्याने प्रामाणिकपणे विरोधी मत देण्याची वाट बंद, आणि गठ्ठ्याने जाण्याची वाट अरुंद पण उघडी. महाराष्ट्राने जून २०२२ मध्ये ती पाहिली. शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आले, मग गुवाहाटीला गेले, आणि शिंदे-फडणवीस यांची मध्यरात्रीची भेट आमच्या बडोद्यात झाल्याच्या बातम्या आल्या. आम्ही मराठी बडोदेकर दुसऱ्या दिवशी उगाचच मान ताठ करून फिरत होतो, जणू भेट आमच्याच ओसरीवर झाली होती.

अमेरिकेत एडिसनला राहणारा माझा भाचा तिथल्या रिपब्लिकन पक्षाचा चाहता आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा फोन आला. "मामा, बघताय ना तुम्ही? चौदा वेळा मतदान झालं, अजून आमचा माणूस निवडून येत नाही." केविन मॅकार्थींना प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष व्हायचं होतं, बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं, आणि त्यांच्याच पक्षातले कडवे परंपरावादी त्यांना अडवून बसले होते. पंधराव्या फेरीत जमलं. पण त्यासाठी जी किंमत दिली तीत एक अट अशी होती की एका सदस्यानेही मागणी केली तर अध्यक्षाला हटवण्याचा ठराव मांडता येईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅट गेट्झ यांनी तो मांडला. स्वपक्षाचे आठ आणि विरोधी पक्षाचे सगळे एकत्र आले, २१६ विरुद्ध २१० मतांनी मॅकार्थी गेले. पुढचे बावीस दिवस सभागृहाला अध्यक्ष नव्हता. तीन उमेदवार आले नि पडले, चौथे माइक जॉन्सन टिकले.

भाच्याने विचारलं, "तुमच्याकडे असं होईल का?" प्रश्नात टोमणा होता की हेवा, ते मला कळलं नाही, बहुधा दोन्ही असावेत.

अमेरिकेतलं हे भांडण नवं नाही. २०१५ च्या जानेवारीत 'फ्रीडम कॉकस' नावाचा कडव्या रिपब्लिकनांचा गट निघाला आणि त्याच वर्षी जॉन बेनर यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. त्याआधी २०१४ मध्ये एरिक कँटर, म्हणजे बहुमतवाल्यांचा दोन नंबरचा नेता, आपल्याच मतदारसंघातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरला. या सगळ्यात मला एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. तिकडचे बंडखोर नेतृत्वाहून अधिक कडवे असतात. त्यांचं भांडण असतं की तुम्ही निवडणुकीत सांगता खर्च कमी करू, कर्ज कमी करू, आणि सत्तेत आल्यावर विसरता. पटो न पटो, तो विचाराचा मुद्दा आहे. आमच्याकडचं बंड तिकिटाचं असतं, मेन्डेटचं म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारी-पत्राचं असतं, कोणाच्या गटाला किती मिळालं याचं असतं. २०२२ मध्ये वाघोडियाचे सहा वेळचे आमदार मधु श्रीवास्तव यांना तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. जिंकले दुसरे अपक्ष, धर्मेंद्रसिंह वाघेला. तेही पुढे राजीनामा देऊन भाजपमध्ये आले आणि पोटनिवडणुकीत कमळावर निवडून आले. सगळ्या प्रकरणात धोरणाचा एक शब्द कोणी उच्चारला असेल तर मला तो ऐकू आला नाही. आमची माणसं क्षुद्र आणि त्यांची थोर, असं म्हणण्यात अर्थ नाही. विचारावर भांडायची मुभा नसली की माणूस तिकिटावर भांडतो, कारण तिकीट वाटपाचे पंधरा दिवस हाच काय तो मोकळा वेळ. एकदा शपथ झाली की चाबूक.

मला अमेरिका हवी आहे का? नाही. आठ माणसांनी सभागृह बावीस दिवस ओलीस धरावं, याला मी लोकशाही म्हणणार नाही. त्यांनाही ते पटलं असावं. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलून एकाऐवजी बहुमतवाल्या पक्षाच्या नऊ सदस्यांची अट घातली. आणि तिथेही हुजूर आहेच. मार्जोरी टेलर ग्रीन ट्रम्प यांच्या कट्टर समर्थक होत्या. लैंगिक शोषणाच्या प्रकरणातल्या एपस्टीनची कागदपत्रं उघड करण्याच्या प्रश्नावर मतदान घ्यायला लावणारा अर्ज त्यांच्याच पक्षाच्या थॉमस मॅसी यांनी दाखल केला, आणि या दोघांसह रिपब्लिकन पक्षाचे मोजून चार सदस्य विरोधकांबरोबर त्यावर सह्या करायला पुढे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदान झालं तेव्हा ४२७ विरुद्ध १ असा निकाल लागला, म्हणजे आधी घाबरलेले सगळे शेवटी आतूनच त्या बाजूचे निघाले. पण ट्रम्प यांनी पाठिंबा काढून घेतला होता, आणि ग्रीनबाईंनी त्याच महिन्यात खासदारकी सोडत असल्याचं जाहीर केलं. मतदान जिंकूनही घरी जावं लागतं, हे आमच्या लोकांना परकं वाटायचं कारण नाही.

माझ्या मनाला पटते ती हुजूर पक्षाची रीत. तिथे व्हिप आहे, कडक आहे, महत्त्वाच्या मतदानाच्या कागदावर खाली तीन रेघा मारलेल्या असतात. पण तो झुगारला तर खासदारकी जात नाही. १९९४ मध्ये जॉन मेजर यांनी युरोपच्या प्रश्नावर आठ खासदारांना पक्षाच्या गटाबाहेर काढलं. काही महिन्यांनी परत घेतलं. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी एका रात्रीत एकवीस जणांना काढलं. त्यांत माजी अर्थमंत्री होते, चर्चिलचा नातू होता. ते सगळे दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात बसले आणि त्यांनी हवं तसं मत दिलं. शिक्षा पक्षाने दिली, पक्षापुरती. मतदारांनी दिलेली जागा पक्षाला हिरावता आली नाही. शिवाय नेत्यावर अविश्वास असेल तर मागच्या बाकावरच्या खासदारांच्या समितीकडे गुपचूप चिठ्ठी द्यायची, पुरेशा चिठ्ठ्या झाल्या की गुप्त मतदान. भिंतीवर पोस्टर चिकटवायची गरज नाही.

आमच्याकडे नेता कसा निवडतात? सप्टेंबर २०२१ मध्ये विजय रूपाणी गेले, आमदारांची बैठक भरली, आणि पहिल्यांदाच आमदार झालेल्या भूपेंद्र पटेल यांचं नाव एकमताने मंजूर झालं. चारच दिवसांत जुन्या मंत्रिमंडळातला एकही चेहरा ठेवला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री सोडून सर्वांचे राजीनामे पुन्हा एका दिवसात. भूपेंद्रभाई वाईट मुख्यमंत्री आहेत असं माझं म्हणणं नाही. सौम्य माणूस आहे. मला ते 'एकमत' खटकतं. आमच्या घरी गणपतीची आरास कशी करायची यावर पाच जणांचं एकमत होत नाही, आणि शंभराहून अधिक आमदारांचं पाच मिनिटांत होतं?

यावर माझ्या वयाचे बडोदेकर लगेच म्हणतात की तुला १९९५ ते ९८ विसरायला झालं. नाही विसरलो. तीन वर्षांत चार मुख्यमंत्री आणि मध्ये राष्ट्रपती राजवट. सरकारी कार्यालयात कागद हलत नव्हता, आज कोणाचं सरकार ते पेपरात बघून ठरवावं लागायचं. शिस्तीची भूक तेव्हाच लागली आणि त्या भुकेवर पुढची तीस वर्षं पोसली गेली. हुजूर पक्षानेही मोकळीक पचवली असं नाही: २०१६ ते २०२२ या सहा वर्षांत पाच पंतप्रधान, त्यातल्या लिझ ट्रस ४९ दिवस, आणि २०२४ च्या निवडणुकीत उरल्या १२१ जागा. ही आक्षेपाची बाजू मला खरोखर जड वाटते. पण दीडशेच्या वर आमदार असलेल्या सरकारला पाच जणांनी एका विधेयकावर विरोधी मत दिल्याने काय धोका आहे? काठावरच्या सरकारासाठी शिवलेला अंगरखा भरभक्कम बहुमतवाल्यालाही घालायचा, आणि मग गुदमरतंय म्हणायचं नाही, ही कुठली रीत?

उपाय नवा शोधायचा नाही. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की आमदारकी जाण्याची शिक्षा विश्वासदर्शक ठराव, अर्थविधेयक यांसारख्या थोड्या मतदानांपुरती ठेवा. १९९९ मध्ये विधी आयोगाने तशीच शिफारस केली: सरकार धोक्यात असेल तेव्हाच व्हिप. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही कायदा कायम ठेवताना त्याची पकड विश्वासमत आणि पक्षाच्या मूलभूत धोरणापुरतीच मर्यादित ठेवली. तीन ठिकाणांहून तेच सांगून झालं, पण कायदा बदलायचा कोणी? ज्यांच्या हातात चाबूक आहे त्यांनीच. काँग्रेस सत्तेत होती तेव्हा तिलाही घाई नव्हती. २०२० मध्ये पक्षात बदल हवेत म्हणून तिच्या तेवीस नेत्यांनी सोनिया गांधींना पत्र लिहिलं तर तेवीस जणच संशयित ठरले. या बाबतीत सगळे पक्ष एका माळेचे मणी.

पक्षात सभासदांनी मत देऊन उमेदवार ठरवावा, अशीही सूचना असते. ती मला आधी फार आवडायची. आता कँटरचं उदाहरण बघून वाटतं, थोड्या कडव्या सभासदांच्या हाती सगळं गेलं तर आमदार दिल्लीच्या धाकातून सुटून गल्लीच्या धाकात पडेल. शिवाय मिस्ड कॉल देऊन झालेल्या सभासदांची यादी कोण तपासणार? तेव्हा मी व्हिपवरच थांबतो.

स्वतःला परंपरावादी म्हणवणाऱ्यांनी एक जुनी गोष्ट आठवावी. या विचाराचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात त्या एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितलं की प्रतिनिधी तुम्हाला नुसते कष्ट देणं लागत नाही, आपली विवेकबुद्धीही देणं लागतो. तुमच्या मतापुढे ती गहाण टाकली तर तो तुमची सेवा करत नाही, दगा देतो. सहा वर्षांनी ब्रिस्टल त्याच्या हातून गेलं. पक्ष म्हणजे एका तत्त्वावर एकत्र आलेली माणसं, ही व्याख्याही त्याचीच. दोन्ही गोष्टी त्याने एकाच आयुष्यात म्हटल्या. इंदूरच्या सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार, लोकसभेच्या अध्यक्ष. २०१९ मध्ये इंदूरचा उमेदवार ठरेना, तेव्हा ताईंनी पक्षाला पत्र लिहिलं: माझ्यामुळे संकोच असेल तर निर्णय निःसंकोच घ्या, मी लढत नाही. इंदुरातल्या माझ्या मावसबहिणीला ते पत्र वाचून रडू आलं. मला रागही आला. तीस वर्षं इंदूरने निवडून दिलेल्या बाईला निवृत्त व्हायचं की नाही, हे ठरवायला इंदूरला कोणी विचारलं नाही.

गेल्या खेपेला निवडणुकीच्या आधी आमच्या गल्लीतले पेज प्रमुख घरी आले. मतदार यादीचं एक पान म्हणजे त्यांचं राज्य. वयाने माझ्याहून मोठे, जनसंघाची निशाणी दिवा होती तेव्हापासूनचे कार्यकर्ते. सगळे त्यांना नाना म्हणतात. उमेदवार नुकताच बदललेला होता. मी विचारलं, "नाना, तुम्हाला कोणी विचारलं का हो, कोण हवा म्हणून?"

"आम्हाला कशाला विचारतील? आम्ही मजुरिया." ते हसले. चहाचा कप खाली ठेवला. "अरे, दिव्याच्या वेळी आपल्या भागात आठ जण होतो आम्ही. दांडिया बाजारात ओट्यावर बसायचो. उमेदवार कोण ते तिथे भांडून ठरायचं. एकदा तर हातापायीवर आलं होतं. आणि तो पडायचाच. दर वेळी पडायचा. पण ठरवायचो आम्ही."

मग त्यांनी चष्मा पुसला, पिशवीतून आमचं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"घरची चार मतं धरू ना?"